चौदा वड्या आणि एक निनावी पत्रक

मी प्राणिप्रेमी नाही, हे आधीच सांगून टाकते. ठाकूरद्वारला आमच्या वाडीच्या तोंडाशी एक पांढरा कुत्रा बसायचा. त्याला चुकवायला मी शाळेत जाताना रोज लांबचा वळसा घ्यायचे. आजही कुत्रा अंगावर धावून आला की मी आधी चार पावलं मागे सरते. तरी गेली सहा वर्षं मी दादर, परळ, लालबागच्या कुत्र्यांना रेबीजची लस देत फिरते आहे, आणि ते रागापोटी.

राग कशाचा? रेबीज एकदा मेंदूत पोचला की त्यावर औषध नाही. पण त्याआधी लस आहे. माणसासाठी आहे, कुत्र्यासाठी आहे, आणि आजकालची नाही, किती तरी जुनी आहे. तरी माणसं मरतात. टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावर राहणारी मरत नाहीत. फुटपाथवर झोपणारी, पहाटे पाण्याला उठणारी, चावा हळद लावून बांधून कामावर जाणारी मरतात. कॉलेजात असताना हे कळलं तेव्हा मला जे येत होतं तेच मी केलं. पत्रक लिहिलं. आम्ही मुलंमुली तेव्हा गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांना घरं द्या म्हणून पत्रकं काढायचो. मोठं अक्षर, छोटी वाक्यं, भरपूर उद्गारचिन्हं. आणि एक शिकवण पक्की: खाली नाव छापायचं नाही. नाव छापलं की घरी पोलीस येतो आणि आई रडते. ही शिकवण लक्षात ठेवा, कारण पुढे तिनेच घात केला.

आता कामाचं सांगते. साध्या कुत्र्याला लस द्यायची म्हणजे दोघांनी त्याला धरायचं, तिसऱ्याने सुई टोचायची, पाठीवर रंगाचा पट्टा ओढायचा आणि सोडून द्यायचं. गल्लीतली कुत्री आपापल्या माणसांची असतात. पानवाल्याने हाक मारली की येतात. पण काही कुत्र्यांना माणसाचा हात कधीच लागलेला नसतो. बंद गिरण्यांच्या भिंतींआड, मोडक्या शेडमध्ये, पिढ्यान्‌पिढ्या जन्मलेली ही कुत्री जवळजवळ रानातलीच. जाळं दिसलं की पाच मिनिटांत गायब.

त्यांच्यासाठी वडी. परदेशात जंगलातल्या कोल्ह्यांना सुया टोचणार कोण, म्हणून आमिषात लस भरून ती रानात टाकायची पद्धत निघाली. विमानातूनसुद्धा टाकतात म्हणे. आमच्या संस्थेला तीच पद्धत इथल्या रानटी झालेल्या कुत्र्यांवर करून बघायची परवानगी मिळाली होती. कागदावर तिला ‘आमिष’ म्हणत, आम्ही म्हणायचो वडी. बाहेर खाण्याचा थर, आत चपटं पाकीट, पाकिटात थोडीशी पातळ लस. कुत्र्याने ती चावली पाहिजे. पाकीट दातांनी फुटून लस तोंडात आतून लागली की काम झालं. अख्खी गिळली तर लस फुकट. म्हणून वडी टाकून निघून जायचं नसतं. समोर उभं राहायचं, तो चावतोय ना ते बघायचं आणि फुटलेलं पाकीट उचलून आणायचं. आमचे डॉक्टर करमरकर माटुंग्याचे, निवृत्तीला आलेले, बोलायला मोजके. त्यांचं एकच सांगणं असे, “पाकीट परत आलं नाही, तर लस दिली असं म्हणायचं नाही.”

पहिल्याच आठवड्यात गंमत झाली. कारखान्यातून आलेल्या वड्यांना अंड्याचा वास होता. दादरच्या कुत्र्यांनी त्या खाल्ल्या. लालबागच्या कुत्र्यांनी नुसत्या हुंगल्या आणि आमच्याकडे असं बघितलं, जणू आम्ही त्यांना उपासाचं ताट वाढलं होतं. मंडईबाहेर सुकट-बोंबील विकणाऱ्या हिराबाई कोळीण हा सगळा तमाशा टोपलीमागून बघत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

“ए पोरी, काय घालतंस त्यांना?”

“लस आहे मावशी. अंड्याच्या वासाची.”

“अंडा! अगो, यांचे आजे-पणजे आमच्या मासळीची मुंडकी खाऊन मोठे झाले. बोंबलाचा पानी लाव त्याला.”

मी ऑफिसात बोंबलाची डोकी उकळली. डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावून एवढंच बजावलं की पाणी पूर्ण गार होऊ दे, लसीला ऊब चालत नाही. त्या दिवसापासून लालबागची कुत्री वडी हातातून हिसकावून नेऊ लागली. ऑफिसच्या वरच्या मजल्यांवरच्या बिऱ्हाडांनी आमच्याविरुद्ध तक्रार केली ती वेगळी. तक्रारअर्जाखाली मात्र सगळ्यांच्या सह्या होत्या, हे आज आठवतं.

मग आली ती गिरणी. करी रोडच्या बाजूची, नाव सांगत नाही. ब्याऐंशीच्या संपात बंद पडली, मध्ये थोडी धुगधुगली, मग कायमची गेली. भिंतीवर टॉवरचं चित्र: स्विमिंग पूल, हिरवळ, गोरी बाई. भिंतीच्या आत पिंपळ, पडके पत्रे आणि कुत्री. त्या भिंतीलगतच्या गल्लीत एक अनोळखी कुत्रा मरून पडलेला सापडला. डॉक्टरांनी तपासणीला पाठवला. रेबीज निघाला. म्हणजे तो मरायच्या आधी भिंतीच्या भगदाडातून आत गेला असेल, आतल्या कुत्र्यांना चावला असेल, तर काही आठवड्यांत आतला अख्खा कळप पिसाळणार. भिंतीपलीकडे चाळ, चाळीसमोर बालवाडी.

आत जायची परवानगी मिळायला जागेच्या नव्या मालकाच्या ऑफिसात चार खेपा झाल्या. अखेर रविवारी सकाळी अर्धा तास मिळाला. शिट्टी वाजवत मागे मागे फिरणारा वॉचमन घड्याळ दाखवत होता. कुत्री आम्हाला बघून शेडमध्ये पळाली. समोर उभं राहून खाऊ घालायला वेळच नव्हता. मी त्यांच्या पायवाटांवर वीस वड्या ठेवल्या आणि बाहेर पडले. नियम मोडतेय हे मला कळत होतं. पण मनात म्हटलं, भुकेली आहेत, खातील.

आदल्या संध्याकाळी मी चाळीच्या जिन्याजिन्यावर माझं पत्रक लावलं होतं. लाल अक्षरांत. “सावधान! गिरणीच्या आवारात गोळ्या टाकल्या जाणार आहेत! हात लावू नका! मुलांना दूर ठेवा! सहकार्य करा!” मला ते फार झणझणीत वाटलं होतं. खाली नाव नव्हतं. सवय.

सोमवारी सकाळी वॉचमनला विनवून मी आत डोकावले. एकही वडी नव्हती. मी तिथूनच डॉक्टरांना फोन केला. “सर, सगळ्या खाल्ल्या! वीसच्या वीस!”

“पाकिटं किती मिळाली?”

“एकही नाही.”

डॉक्टर म्हणाले, “कुत्री पाकिटं घरी नेत नाहीत. कोणी तरी उचलल्यात. शोध.”

शोधायला लागलंच नाही. मी चाळीत शिरले तशी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून हाक आली, “काय गो, परत घालूक इलंस?”

परबतात्या. सत्तरीपुढचे, लेंगा आणि बनियन, डोळ्यांवर दोरीने बांधलेला चष्मा. त्याच गिरणीत साचेवाले होते, म्हणजे मागावर कापड विणायचे. रागात असले की मालवणी, एरवी मुंबईचं साधं मराठी. त्यांच्या खोलीच्या दाराशी पत्र्याची बादली होती. फिनेलच्या पाण्यात माझ्या वीस वड्या तरंगत होत्या.

“उद्या पोलीस चौकीत घेऊन चाललंय,” तात्या म्हणाले. “इतकी वर्षां गिरणीवर डोळो ठेवलास, आता मुक्या जनावरांका ईख घालून जागा मोकळी करतंस?”

“तात्या, हे विष नाही! लस आहे!”

“मग तसा लिवलंस कित्याक नाय?”

मी तावातावाने पत्रक काढलं, दाखवायला. आणि वाचत गेले. सावधान. गोळ्या. हात लावू नका. त्यात लस हा शब्द कुठेच नव्हता. रेबीजही नव्हता. मी हुकूम सोडले होते, सांगितलं काहीच नव्हतं.

तात्यांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि बोट ठेवलं ते अगदी तळाशी, कोऱ्या जागेवर. “पत्रक खालसून वाचूचा असता. छापखान्याचा नाव खंय हा? तुझा नाव खंय हा? नाव नाय ता पत्रक मालकाचा.”

“मालकाचं? अहो, मी मालकांविरुद्ध पत्रकं काढलीयत!”

“तीय बिननावाचीच काय?”

मी त्यांचे हात साबणाने धुऊन घेतले, कुठे जखम नाही ना ते बघितलं आणि बादली उचलून निघाले. मी जिना उतरत असताना ते मागून, जरा मऊ आवाजात, म्हणाले, “भगदाडातून आत जाऊन कुत्र्यांना मी रोज भाकरी घालतो. चौदा आहेत. तुला नावं तरी ठाऊक आहेत का?”

नावं खात्यांची होती. जो ज्या खात्याच्या शेडमध्ये जन्मला त्याचं ते नाव. कार्डिंग, वाइंडिंग, फोल्डिंग, सायजिंग. आणि बॉबिन, एक तपकिरी कुत्री, तात्यांच्या पायाशी बसणारी एकुलती एक. बाकीची तेरा भाकरीपुरती जवळ येत. बॉबिन भगदाडातून बाहेर येऊन चाळीच्या जिन्यापर्यंत पोचवायला यायची.

नव्या वड्या यायला वेळ लागणार होता. त्या थंड पेटीतून मागवायच्या, परवानगीचा कागद पुन्हा फिरवायचा. दरम्यान डॉक्टर स्वतः तात्यांना भेटायला आले. नीट, सावकाश समजावलं. तात्यांनी ऐकून घेतलं. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, “तो मेलेला कुत्रा तुमच्या कुत्र्यांपैकी कोणाला चावला का? कोणाच्या अंगावर जखम दिसली?”

“नाही,” तात्या म्हणाले. फार पटकन म्हणाले. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, पण पुढे विचारलं नाही.

सात-आठ दिवसांनी मी मंडईजवळ होते, तर तात्या समोरून आले. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं.

“तुझ्या डॉक्टराला विचार ना जरा,” ते म्हणाले. “बॉबिनच्या घशात हाड अडकलंय. जबडा मिटत नाही, लाळ गळते. मी हात घालून बघितलं, हाड काही लागलं नाही.”

आमच्या कामात ही गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात, आणि हीच मी पत्रकात लिहिली नव्हती. पिसाळलेला कुत्रा नेहमी भुंकत, चावत धावतो असं लोकांना वाटतं. काहींचा रेबीज मुका असतो. जबडा लुळा पडतो, कुत्रा कोपऱ्यात बसून राहतो, आणि माया करणारा माणूस त्याच्या तोंडात हात घालतो, हाड काढायला.

“तात्या, फडकं सोडा.”

दातांनी खरचटलेलं होतं. दोन ठिकाणी रक्त. हिराबाईंच्या टोपलीशेजारच्या नळाखाली मी त्यांचा हात धरला आणि साबण लावून धूत राहिले. पंधरा मिनिटं धुवावं लागतं, म्हणून हिराबाई घड्याळ बघत होत्या. “पंधरा मिंटा झाली नाय अजून. सोडू नको,” त्या म्हणाल्या. तात्या म्हातारे, चारचौघांत बाई हात धरून उभी, त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. “पुरे गो, बाय माझे, पुरे,” करत होते. तसेच त्यांना मोठ्या इस्पितळात नेलं. जखमेत टोचायचं औषध, मग लस. बॉबिन दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मेली. तपासणीत रेबीज निघाला.

तेव्हा तात्यांनी सांगितलं. तो अनोळखी कुत्रा बॉबिनला चावला होता. ओठावर. त्यांनी स्वतः हळद भरली होती. “तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तिला मारून टाकली असती,” ते म्हणाले.

मी डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं, “पहिल्याच वेळी वडी तिच्या तोंडात गेली असती तर?”

डॉक्टर खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा गुण आहे आणि त्या दिवशी मला तो नको होता. “चावा आधीचा होता,” ते म्हणाले. “बहुधा ती वाचली नसतीच. बहुधा.” त्या शेवटच्या शब्दावर मी अजून अडलेली आहे. बॉबिनचं सोडा. पत्रकात मी चार ओळी नीट लिहिल्या असत्या, तर तात्यांचा हात तिच्या तोंडात गेला नसता. तिथे ‘बहुधा’ नाही.

इंजेक्शनं ठरलेल्या दिवशीच घ्यायची असतात, एक दिवस इकडे तिकडे नाही. तात्या चुकवतील म्हणून मी दरवेळी त्यांना घ्यायला जायचे. सकाळची रांग लांब असायची. रांगेत चावे घेऊन आलेली माणसं: कोणी मुकादम, कोणी पोळ्या करणारी बाई. मी एकेकाला विचारत सुटायचे, कुठे चावला, कधी, धुतलंत का? तात्या म्हणायचे, “तू युनियनमध्ये असतीस तर आम्हाला जेवायला सुट्टी मिळाली नसती.”

तिसऱ्या इंजेक्शनाच्या रांगेत, कोणी विचारलं नसताना, ते बोलायला लागले.

“संपाला वर्ष होत आलं होतं. घरात चूल एक वेळ. एक दिवस दाराखालून पत्रक आलं. साचेखात्याचा तोडगा निघाला, सोमवारी पहिल्या पाळीला हजर व्हा. लाल अक्षरं. अगदी युनियनच्या पत्रकासारखी भाषा, ‘कामगार बंधूंनो’ वगैरे. मी वाचलं आणि बायकोला म्हटलं, डबा कर.”

“गेलात?”

“गेलो. गेटच्या आत पाऊल टाकलं. मागे वळून बघतो तर गेटसमोर आमची सगळी माणसं उभी. त्यांच्यात माझा धाकटा भाऊ. तोडगा नव्हता, काही नव्हतं. पत्रक खोटं होतं. कोणी छापलं ते आजपर्यंत कळलं नाही. मी लगेच बाहेर आलो, पण आत पाऊल पडलं होतं ना. भाऊ त्या दिवसापासून माझ्याशी बोलला नाही. गावाला गेला, तिथेच वारला.” ते जरा थांबले. “त्या पत्रकाच्या खाली नाव नव्हतं. घरी येऊन मी ते पुन्हा बघितलं तेव्हा दिसलं. तेव्हापासून मी खालसून वाचतो.”

रांग पुढे सरकली. एरवी मला अशा वेळी घोषणा सुचतात. मी त्यांचा केसपेपर हातात घेतला आणि पुढे झाले.

दुसरं पत्रक आम्ही तात्यांच्या खोलीत बसून लिहिलं. मी पहिला शब्द ‘सावधान’ लिहिला, त्यांनी तो खोडला. “चोर आलेत काय? काय करताय ते सांग.” मी उद्गारचिन्हं घातली. त्यांनी विचारलं, ही एवढी कोणासाठी? शेवटी पत्रकात साधी वाक्यं उरली. ही रेबीजची लस आहे. ती कुत्र्यांसाठी आहे. पाकीट हाताला लागलं तर साबणाने धुवा. कोणाही कुत्र्याच्या अंगावर नवा चावा दिसला तर आम्हाला सांगा, आम्ही त्याला मारणार नाही, कोंडून लक्ष ठेवू, औषधपाणी करू. कुत्र्याचा जबडा उघडा राहिला, लाळ गळत असली, तर तोंडात हात घालू नका. हाड नसतं.

ते वाक्य त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, “खाली तुझं नाव घाल. पूर्ण.” मी घातलं, फोन नंबरासकट. आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला, तरी घातलं. त्यांनी पेन घेतलं आणि माझ्या नावाखाली सावकाश लिहिलं: तुकाराम सखाराम परब, साचेवाला, आणि खोली नंबर.

“तुमचं कशाला?”

“तुला कोण ओळखतं इथे? ज्याला शंका असेल तो माझ्या दारात येऊ दे.”

आले ना. दोन दिवस तात्यांच्या दारात माणसं. आजीबाई, रिक्षावाले, बालवाडीच्या बाई. आणि गंमत म्हणजे जिन्यात पत्रकापुढे उभे राहिलेले म्हातारे मी बघितले. सगळे आधी खाली वाकत होते, तळाची ओळ वाचत होते, मग वर जात होते. एवढी वर्षं या भागात पत्रकं चिकटवली, हे मला कधी दिसलं नव्हतं. तोवर मी पत्रक लावून पळत आले होते.

वड्या आल्या त्या दिवशी वॉचमनने शिट्टी वाजवली नाही. त्यानेही पत्रक वाचलं होतं. डॉक्टर आणि मी भिंतीलगत थांबलो, तात्या एकटे पुढे गेले. उजव्या हाताची खूण अजून लाल होती, म्हणून मी त्यांना हातमोजे घालायला लावले. त्यावर ते म्हणाले, “आता बोंबील काय काट्या-चमच्याने खाऊ?” तरी घातले. आदल्या दिवशी मी त्यांना विचारलं होतं, वड्या किती काढू? चौदा, असं ते म्हणाले होते. मीही चौदाच काढून, बोंबलाचं पाणी लावून पेटीत ठेवल्या होत्या.

ते पिंपळाखाली उभे राहिले आणि एकेकाला हाक मारू लागले. “कार्डिंग! ये, ये.” शेडच्या अंधारातून कार्डिंग आला, वडी घेतली, चावली. पाकीट फुटल्याचा बारीक आवाज मला भिंतीपर्यंत ऐकू आला. मग वाइंडिंग. मग फोल्डिंग, जी नखरे करते. सायजिंगने पहिल्यांदा अख्खी गिळायला बघितली, तर तात्यांनी दरडावलं, “चावून खा, मेल्या!” आणि त्याने खरंच चावली. प्रत्येक रिकामं पाकीट ते उचलून पिशवीत टाकत होते. डॉक्टर हळूच म्हणाले, “सहा वर्षांत एवढं नीट काम मी बघितलं नाही.”

शेवटी तात्यांनी पेटीतून वडी काढली आणि भगदाडाकडे तोंड करून हाक मारली, “बॉबिन!”

हाक मारल्यावर त्यांना कळलं. मलाही तेव्हाच कळलं की चौदा हा आकडा ऐकून मी काल काहीच बोलले नव्हते.

कुत्री आपापल्या खात्यात परत गेली. मग तात्या भिंतीपाशी आले. एका हातात तेरा फाटलेल्या पाकिटांची पिशवी, दुसऱ्या हातात एक अख्खी वडी. पिशवी त्यांनी डॉक्टरांना दिली. वडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, “ही बर्फात ठेव. रुळांच्या त्या बाजूला अजून एक बंद गिरणी आहे. तिथल्या चाळीत माझ्याबरोबरचा एक जुना साचेवाला राहतो. पत्रकावर आधी त्याचं नाव घे.”